वाचकांचे प्रश्न : अंगठा वाजतो, अडकतो, दुखतो

अंगठ्याच्या सांध्यांतून येणाऱ्या आवाजाविषयी बरीच पत्रे साठली होती, म्हणून या वेळचे सदर त्याच एका विषयासाठी ठेवले आहे. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय ३४ आहे आणि दिवसभर संगणकावर काम असते. तासाभराने अंगठा ओढून किंवा मागे वळवून मी ‘कट्’ असा आवाज काढतो. त्याशिवाय हात मोकळा झाल्यासारखा वाटतच नाही. दुखत मुळीच नाही. घरातली मोठी माणसे मात्र सांगतात की, या सवयीने हाडे झिजतात आणि पुढे संधिवात होतो. हा आवाज हाडावर हाड घासल्यामुळे येतो का? सवय सोडायलाच हवी का?

उत्तर : हाडावर हाड घासल्याचा हा आवाज नाही. अंगठ्यात तीन सांधे असतात : नखाजवळचा टोकाचा, तळहाताला जोडणारा मधला आणि मनगटालगतचा बुडाचा. या प्रत्येक सांध्यात हाडांची टोके गुळगुळीत कूर्चेने मढवलेली असतात, भोवती एक बंद पिशवी असते आणि त्या पिशवीत थोडासा चिकट द्रव असतो. या द्रवात वायू विरघळलेले असतात व त्यांत कार्बन डायऑक्साइडचा वाटा मोठा असतो. तुम्ही अंगठा ओढता तेव्हा हाडांची टोके एकमेकांपासून किंचित दूर जातात, पिशवीतील जागा अचानक वाढते, द्रवाचा दाब झपाट्याने उतरतो आणि विरघळलेला वायू बाहेर पडून त्याची पोकळी तयार होते. आवाज या घडामोडीतून येतो.

तो नेमका कोणत्या क्षणी येतो, यावर मात्र संशोधकांचे अजूनही पूर्ण एकमत नाही. १९४७ मध्ये रोस्टन आणि हेन्स यांनी क्ष-किरण चित्रे काढून असे मांडले की, वायूची पोकळी तयार होते त्या वेळी आवाज होतो. १९७१ मध्ये इंग्लंडमधील लीड्स येथील संशोधकांनी याच्या उलट निष्कर्ष काढला : पोकळी तयार होते तेव्हा नव्हे, तर ती कोसळते तेव्हा आवाज येतो. पुढची चार दशके हेच मत प्रमाण मानले गेले. २०१५ मध्ये कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या गटाने बोट ओढले जात असतानाच त्याचे एमआरआय चित्रण केले, तेव्हा आवाजाच्या सुमारास पोकळी निर्माण होताना दिसली आणि आवाज होऊन गेल्यावरही ती जागेवरच होती. त्यानंतर २०१८ मध्ये दोन संशोधकांनी गणिताच्या आधारे दाखवले की, पोकळी अर्धवट कोसळली तरी एवढा आवाज होऊ शकतो. म्हणजे ती मागे शिल्लक दिसली, यावरून कोसळण्याची कल्पना चुकीची ठरत नाही. इतक्या क्षुल्लक वाटणाऱ्या आवाजाने इतकी वर्षे संशोधकांना गुंतवून ठेवावे, याची मला गंमत वाटते. पण तुमच्या प्रश्नापुरते पाहिले तर हा वाद कोणत्याही बाजूने मिटला तरी फरक पडत नाही, कारण दोन्ही बाजूंनी आवाजाचे मूळ द्रव आणि वायू यांतच आहे, हाडांत नाही.

एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. एकदा वाजलेला सांधा लगेच पुन्हा वाजत नाही. वायू द्रवात परत विरघळायला साधारण वीस मिनिटे लागतात आणि तोवर कितीही ओढले तरी आवाज निघत नाही. ही खूण लक्षात ठेवा, कारण जो आवाज दर हालचालीला, लागोपाठ येतो, तो या प्रकारचा नसतो आणि त्याचे कारण वेगळे शोधावे लागते.

आता संधिवाताविषयी. कॅलिफोर्नियातील डोनाल्ड उंगर या डॉक्टरांनी लहानपणी घरच्यांकडून हीच ताकीद ऐकली होती. तिची परीक्षा घेण्यासाठी त्यांनी पन्नास वर्षे फक्त डाव्या हाताची बोटे रोज किमान दोनदा मोडली, उजवा हात तुलनेसाठी तसाच ठेवला आणि १९९८ मध्ये कळवले की, दोन्ही हातांपैकी एकातही संधिवात नाही. २००९ मध्ये त्यांना या खटाटोपाबद्दल इग्नोबेल हे गमतीशीर संशोधनासाठीचे पारितोषिक मिळाले. एका माणसाच्या दोन हातांवरून वैद्यकीय नियम बांधता येत नाही, हे खरेच. परंतु २०११ मध्ये अमेरिकेत २१५ व्यक्तींच्या हातांच्या क्ष-किरण चित्रांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही बोटे मोडणाऱ्यांमध्ये सांध्यांची झीज इतरांपेक्षा अधिक आढळली नाही. याविरुद्ध बोट दाखवणारा एक अभ्यास आहे. १९९० मध्ये ३०० व्यक्तींच्या तपासणीत संधिवात वाढलेला दिसला नाही, पण बोटे मोडणाऱ्यांमध्ये हाताला सूज आणि पकडीचा अशक्तपणा अधिक आढळला. २०१७ च्या एका तपासणीत हे दोन्ही दिसले नाहीत. एकंदर पुरावा पाहता, घरच्यांची भीती निराधार आहे असे मी म्हणेन.

तरीही अंगठ्याच्या बाबतीत एक सावधगिरी सांगतो. बोटे सहसा सरळ ओढली किंवा दाबली जातात; अंगठा मात्र अनेक जण दुसऱ्या हाताने धरून बाजूला किंवा मागे जोराने पिळतात. मधल्या सांध्याच्या दोन्ही बाजूंना जे अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारे पट्टे, आहेत, त्यांना हा बाजूचा ताण मानवत नाही, आणि असे करताना ते दुखावल्याच्या नोंदी, थोड्याच असल्या तरी, वैद्यकीय साहित्यात आहेत. सवय सोडा असा माझा आग्रह नाही. आवाज निघालाच पाहिजे म्हणून जोर वाढवत नेऊ नका, एवढेच. हात मोकळा वाटण्यासाठी मूठ उघडझाप करणे आणि अंगठ्याचे टोक क्रमाने चारही बोटांना लावणे पुष्कळदा पुरते.

प्रश्न : मी अंगठा ओढत नाही, दाबत नाही, तरी तो नुसता वाकवला की प्रत्येक वेळी ‘टक्’ असा आवाज येतो. सलग दहा वेळा वाकवला तर दहा वेळा येतो. वय २२. दुखत नाही. माझे अंगठे लहानपणापासून खूप मागे वाकतात आणि अंगठा वाकवून पुढच्या हाताला (मनगट ते कोपर या भागाला) टेकवताही येतो. हे काळजीचे आहे का?

उत्तर : हालचालीगणिक येणारा आवाज बहुधा कंडरेचा किंवा अस्थिबंधाचा असतो. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. सांधा वाकताना ती हाडाच्या एखाद्या उंचवट्यावरून सरकते आणि पलीकडे उतरताना टक् करते. सांध्यांची ठेवणच सैल असलेल्यांमध्ये असे अधिक घडते, आणि तुमची तशी असावी. अंगठा पुढच्या हाताला टेकणे ही शरीराची लवचीकता मोजण्याच्या बायटन गुणपद्धतीतील एक चाचणी आहे. एकूण नऊ गुणांपैकी दोन अंगठ्यांचे मिळून दोन गुण असतात. केवळ अंगठे वाकतात म्हणून कोणताही विकार ठरत नाही. मात्र कोपर, गुडघे, करंगळ्या असेच जास्त वाकत असतील आणि त्याबरोबर सांधे वारंवार निखळणे, अंग सतत दुखणे किंवा त्वचेवर सहज वळ उठणे असे काही असेल, तर डॉक्टरांना एकदा सगळे एकत्र सांगावे.

वेदनारहित आवाजासाठी क्ष-किरण किंवा रक्ततपासणी करून घेण्याची गरज नाही. सैल सांध्यांना खरी गरज असते ती आधाराची, आणि तो स्नायूंकडून मिळतो. अंगठ्याच्या बुडाशी तळहातावर जो मांसल उंचवटा आहे, त्यातील स्नायू बळकट करण्याचे साधे व्यायाम भौतिकोपचारतज्ज्ञ दाखवू शकतील. लिहिताना किंवा मोबाइलवर टंकन करताना अंगठ्याचा मधला सांधा आत मोडल्यासारखा वाकत असेल, तर ती ढब मात्र सुधारावी, कारण आज न दुखणारा सांधा रोज तासन्‌तास टोकाच्या स्थितीत ठेवला की दुखू लागतो.

प्रश्न : आवाज येतो म्हणजे शरीरात कॅल्शियम कमी झाले किंवा सांध्यांतले वंगण संपले, असे ऐकले आहे. गोळ्या सुरू कराव्यात का?

उत्तर : नाही. कॅल्शियमच्या कमतरतेमुळे सांधे वाजत नाहीत. आणि वर सांगितल्याप्रमाणे ओढल्यावर येणाऱ्या आवाजाला सांध्यातील द्रव लागतोच, त्यामुळे तो आवाज वंगण संपल्याची खूण असूच शकत नाही. हाडांच्या विरळपणासारख्या कारणासाठी डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील, तर त्या घ्याव्यात. सांधा वाजतो म्हणून घेऊ नयेत.

प्रश्न : माझे वय ५६ असून बारा वर्षांपासून मधुमेह आहे. सकाळी उठल्यावर उजवा अंगठा वाकलेलाच राहतो. दुसऱ्या हाताने सरळ करावा लागतो आणि तेव्हा खटका बसून कळ येते. दुपारपर्यंत बरे वाटते. टोकाचा सांधा खराब झाला आहे का?

उत्तर : खटका टोकाच्या सांध्यात जाणवतो, पण बिघाड बहुधा तिथे नाही. अंगठा वाकवणारी कंडरा तळहाताच्या बाजूने एका आवरणातून धावते आणि ते आवरण जागोजागी कप्पीसारख्या पट्ट्यांनी हाडाशी धरून ठेवलेले असते. त्यांतील पहिली पट्टी अंगठ्याच्या मुळाशी, जिथे आडवी घडी दिसते तिच्या आसपास आहे. ही पट्टी जाड झाली आणि कंडरेवर गाठ आली की, सुईच्या नेढ्यात दोऱ्याची गाठ अडावी तशी ती अडते. जोर लावला की एकदम सुटते, आणि तोच तुम्हाला जाणवणारा खटका. घडीपाशी बोटाने दाबून पाहा. तिथे दुखरी, वाटाण्याएवढी गाठ लागली आणि अंगठा हलवताना ती बोटाखाली सरकली, तर निदानाबद्दल फारशी शंका उरत नाही. याला ट्रिगर थंब म्हणतात.

तुमच्या पत्रातील मधुमेहाचा उल्लेख महत्त्वाचा आहे. मधुमेह, थायरॉइडची कमतरता आणि संधिवाताभ (रुमेटॉइड आर्थरायटिस, म्हणजे अनेक सांधे सुजवणारा आजार) असलेल्यांना हा त्रास इतरांपेक्षा अधिक होतो, आणि एकाच वेळी एकाहून अधिक बोटांनाही होऊ शकतो. सुरुवातीला काही आठवडे, विशेषतः रात्री, अंगठा सरळ ठेवणारी पट्टी बांधतात आणि घट्ट पकडीची कामे कमी करायला सांगतात. त्याने भागले नाही तर आवरणात स्टिरॉइडचे इंजेक्शन देतात. मधुमेहींमध्ये त्याचा गुण तुलनेने कमी येतो आणि त्यानंतर काही दिवस रक्तातील साखर वाढते. म्हणून इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांना मधुमेहाची कल्पना आधी द्यावी आणि त्या दिवसांत साखर अधिक वेळा तपासावी. तरीही अंगठा अडतच राहिला तर ती पट्टी शस्त्रक्रियेने मोकळी करतात. जागा बधिर करून केली जाणारी ही छोटी शस्त्रक्रिया आहे, पण अंगठ्याची संवेदना वाहून नेणारी मज्जातंतू अगदी जवळून जाते, त्यामुळे ती हाताच्या शस्त्रक्रियांचा अनुभव असलेल्या शल्यविशारदांकडूनच करून घ्यावी.

वाट किती पाहावी, हेही विचारणारी दोन पत्रे आली आहेत. खटका बसून अंगठा सुटतो आहे तोवर घाई नाही. तो वाकलेल्या किंवा सरळ स्थितीत कायमचा अडकला, तर लांबवू नये, कारण महिनोन्‌महिने न हललेला सांधा स्वतःच आखडतो आणि मग कंडरा मोकळी करूनही हालचाल पूर्ण परत येत नाही.

प्रश्न : आमच्या दोन वर्षांच्या मुलीच्या अंगठ्याचे टोक वाकलेले आहे आणि सरळ होत नाही. कधी कधी खट् आवाज होऊन सरळ व्हायचे, आता तेही नाही. पडल्याचे आठवत नाही. ती रडत नाही, त्या हाताने खेळते.

उत्तर : लहान मुलांमध्येही ट्रिगर थंब होतो आणि तो बहुधा पहिल्या ते तिसऱ्या वर्षात लक्षात येतो. तो मार लागल्याने होत नाही आणि सहसा दुखतही नाही. अंगठ्याच्या मुळाशी छोटी गाठ हाताला लागेल. काही मुलांमध्ये तो काही वर्षांत आपोआप सुटतो, काहींमध्ये पुढे शस्त्रक्रिया लागते. बालरोगतज्ज्ञ किंवा बालअस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून ठेवावे. रात्री धावपळ करण्याचे कारण नाही. अंगठा जबरदस्तीने सरळ करण्याचा प्रयत्न मात्र घरी कोणीही करू नये.

प्रश्न : वय ६१. अंगठ्याच्या बुडाशी करकर होते. बरणीचे झाकण उघडताना, किल्ली फिरवताना, पिळे पिळताना जीव जातो. त्या जागी हाड वर आल्यासारखे दिसते. माझी आई असेच सांगायची. आयुष्यभर बोटे मोडल्याचा हा परिणाम आहे का?

उत्तर : बोटे मोडण्याशी याचा संबंध लावू नका. तुमचे वर्णन अंगठ्याच्या बुडाच्या सांध्याच्या झिजेचे आहे, आणि इथला आवाज पहिल्या पत्रातील आवाजापेक्षा अगदी वेगळा आहे : एकदा होऊन थांबणारा ‘कट्’ नव्हे, तर हालचालभर होणारी, हाताला जाणवणारी करकर. कूर्चा विरळ होऊन पृष्ठभाग खडबडीत झाले की अशी करकर येते.

हा सांधा खोगिराच्या आकाराचा आहे. त्यामुळेच अंगठा सर्व बाजूंना फिरतो आणि इतर बोटांसमोर येऊन पकड घेऊ शकतो. पण याची किंमत सांध्याला द्यावी लागते. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका यांत्रिकी अभ्यासानुसार, चिमटीत टोकाशी एक किलो भार दिला की बुडाच्या सांध्यावर सुमारे बारा किलो भार पडतो, आणि जोरदार पकडीत तो १२० किलोपर्यंत जाऊ शकतो. घट्ट झाकणाने तुम्हाला एवढी कळ का येते, ते यावरून कळावे. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांमध्ये ही झीज अधिक दिसते आणि तिच्यात आनुवंशिकतेचाही वाटा असतो, तेव्हा आईबद्दलचे तुमचे निरीक्षण योग्य आहे.

क्ष-किरण चित्र काढले तर झीज दिसेल. पण चित्र जितके वाईट तितके दुखणे जास्त, असे समीकरण नसते. भयंकर दिसणारे चित्र आणि जवळजवळ न दुखणारा अंगठा, अशी माणसे सर्रास भेटतात. त्यामुळे चित्र पाहून घाबरण्यापेक्षा रोजच्या कामांतील चिमटीचा जोर कमी करणे अधिक फायद्याचे : जाड मुठीची उपकरणे आणि पेन वापरणे, झाकण उघडण्यासाठी साधन किंवा पूर्ण तळहात वापरणे, जड वस्तू दोन्ही हातांनी उचलणे. काम करताना अंगठ्याच्या बुडाला आधार देणारा पट्टा बऱ्याच जणांना आराम देतो. डायक्लोफिनॅकसारखे वेदनाशामक मलम लावून पाहावे. पोटात घ्यायच्या गोळ्या मात्र मूत्रपिंड, जठर आणि हृदय यांची स्थिती डॉक्टरांना सांगूनच घ्याव्यात. इंजेक्शनचा आराम काही काळापुरता असतो. या सर्वांनंतरही रात्रीची झोप उडत असेल, तर सांध्यातले छोटे हाड काढून टाकण्याची शस्त्रक्रिया चांगला आराम देते, परंतु हातात पूर्ण ताकद यायला कित्येक महिने जातात, हे आधीच ठाऊक असावे.

दोन गोष्टी स्वतः तपासा. दुखणे बुडाच्या सांध्यात नसून मनगटाच्या अंगठ्याकडील कडेवर असेल आणि अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे झुकवल्यावर कळ येत असेल, तर तो कंडरांच्या आवरणाचा दाह असू शकतो. स्विस शल्यविशारद फ्रिट्झ द केर्व्हां यांनी १८९५ मध्ये त्याचे वर्णन केले, आणि बाळाला वारंवार उचलणाऱ्या नव्या मातांमध्ये तो विशेष दिसतो. दुसरे म्हणजे, सकाळचा आखडलेपणा अर्ध्या-एक तासाहून अधिक टिकत असेल, दोन्ही हातांच्या अनेक सांध्यांना सूज असेल, तर ही साधी झीज नव्हे, संधिवाताभ असू शकतो. संधिवाततज्ज्ञांना लवकर भेटावे, कारण त्या आजारात औषध जितके आधी सुरू होईल तितके सांधे वाचतात. आणि सांधा लाल, गरम होऊन ताप आला असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

प्रश्न : दहा दिवसांपूर्वी दुचाकीवरून पडलो. हात टेकताना अंगठा बाहेर ताणला गेला आणि ‘फट्’ असा आवाज आला. सूज उतरली आहे, पण चिमटीत कागदही घट्ट धरता येत नाही. लचक असेल तर आपोआप भरेल ना?

उत्तर : तुमचे पत्र मिळताच तुम्हाला स्वतंत्रपणे कळवले आहे, हे उत्तर इतर वाचकांसाठी. दुखापतीच्या क्षणी आलेला आवाज आणि त्यानंतरची सूज व अशक्त पकड यांना कधीही नुसती लचक समजू नये. अंगठ्याच्या मधल्या सांध्याला आतल्या बाजूने, म्हणजे तर्जनीकडून, धरून ठेवणारा अस्थिबंध अशा वेळी फाटलेला असू शकतो. बर्फावर घसरण्याच्या खेळात हातातील काठीमुळे ही दुखापत वारंवार होते; १९५५ मध्ये स्कॉटलंडमधील शिकार-रक्षकांच्या अंगठ्यांतही तिचे वर्णन झाले, कारण सशांच्या माना पिरगाळण्याच्या कामात त्यांचा हा अस्थिबंध हळूहळू सैल होत असे.

आपोआप भरेल का, याचे उत्तर फाटण्याच्या प्रकारावर आहे. अर्धवट फाटलेला अस्थिबंध अंगठा चार ते सहा आठवडे प्लास्टरमध्ये किंवा पट्टीत स्थिर ठेवला की सहसा भरतो. पूर्ण फाटला असेल, तर त्याचे तुटलेले टोक कधी कधी शेजारच्या स्नायूच्या पडद्याबाहेर जाऊन अडकते. १९६२ मध्ये स्वीडनच्या बर्टिल स्टेनर यांनी हे दाखवून दिले. तसे झाल्यावर दोन टोके समोरासमोर येतच नाहीत, मग कितीही विश्रांती घेतली तरी ती जुळणार कशी? तिथे शस्त्रक्रियाच करावी लागते, आणि ती पहिल्या दोन-तीन आठवड्यांत झाली तर दुरुस्ती सोपी असते. उशीर झाल्यास दुसरी कंडरा वापरून अस्थिबंध नव्याने तयार करावा लागतो. म्हणून अशा दुखापतीनंतर अंगठा ओढून, वाकवून ‘जागेवर बसवण्याचा’ प्रयत्न न करता तो स्थिर बांधावा आणि काही दिवसांतच अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावा. हाड तुटले आहे का, हे पाहण्यासाठी आधी क्ष-किरण चित्र काढतात, नंतर सांधा किती उघडतो ते दुसऱ्या अंगठ्याशी तुलना करून तपासतात, आणि शंका उरलीच तर सोनोग्राफी किंवा एमआरआय करतात.